इंदूरहून झाबुआ-अलीराजपूरकडे : कानाच्या शस्त्रक्रियांचे शिबिर प्रथमच भरवणाऱ्यांसाठी

कान वाहतो, पण दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणूनच तो वर्षानुवर्षे वाहत राहतो. लहानपणी सर्दी होते, नाकामागून कानाकडे जाणाऱ्या नळीवाटे संसर्ग मधल्या कानात पोचतो, तिथे पू साठून एके रात्री पडदा फुटतो आणि सकाळी उशीवर ओल दिसते. घरचे ‘कान फुटला’ म्हणतात आणि मूल रडायचे थांबले म्हणून निश्चिंत होतात. पुष्कळ मुलांचा पडदा आपोआप मिटतो. ज्यांचा मिटत नाही त्यांचा कान पुढे प्रत्येक सर्दीला, प्रत्येक पावसाळ्यात, ओढ्यातल्या प्रत्येक डुबकीला पुन्हा वाहू लागतो, ऐकू कमी येत जाते, आणि वर्गात मागे बसलेले ते मूल ‘मंद’ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, ज्या लोकसमूहात असा जुनाट वाहणारा कान ४ टक्क्यांहून अधिक लोकांत आढळतो तिथे तो सार्वजनिक आरोग्याचा तातडीचा प्रश्न मानावा, असे म्हटले आणि भारताला त्या सर्वांत वरच्या गटात ठेवले.

इंदूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर झाबुआ आहे, त्याच्या पलीकडे अलीराजपूर, दक्षिणेला बडवानी. या पट्ट्यात कान-नाक-घसा तज्ज्ञ विरळा आणि कानाच्या शस्त्रक्रियेला लागणारा सूक्ष्मदर्शक त्याहून विरळा. उलट आपल्या शहरात दोन्ही मुबलक. त्यामुळे इथली एखादी मराठी संस्था, एखादे मित्रमंडळ किंवा नुकतेच शिक्षण संपवलेले चार-पाच डॉक्टर ‘आपणही एक शिबिर करू’ असे ठरवतात. त्यांच्यासाठी हे लेखन आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे : या कामाचे माप दोन दिवसांत किती कान शिवले हे नसून, तीन महिन्यांनी त्यांतले किती कान कोरडे सापडले हे आहे. आपण परतल्यावर तो कान कोण पाहणार, हे ज्या रुग्णाबाबत ठरलेले नाही त्याची शस्त्रक्रिया शिबिरात करू नये.

पहिली पायरी : कोणता कान शिबिराचा आणि कोणता रुग्णालयाचा

वाहणाऱ्या कानाचे ढोबळ दोन प्रकार असतात, आणि वैद्यकीय नसलेल्या कार्यकर्त्यांनीही ते समजून घ्यावेत. पहिल्या प्रकारात पडद्याच्या मध्यभागी भोक असते, स्राव पातळ किंवा चिकट असतो, त्याला सहसा वास नसतो आणि तो येतो-जातो. हा तुलनेने निर्धोक कान. भोक बुजवले, म्हणजे पडद्याचे रोपण केले, की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. १९५०च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर यांनी ज्या शस्त्रक्रियेची घडी बसवली ती हीच, टिम्पॅनोप्लास्टी. कानाच्या वरच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा किंवा कानाच्या पुढच्या टोकाची कूर्चा घेऊन पडद्याच्या आतून ठिगळ लावायचे असते.

दुसरा प्रकार फसवा असतो. स्राव थोडा, पण त्याला कुजका वास. भोक पडद्याच्या वरच्या बाजूला किंवा कडेला. आत पांढरट पापुद्र्यांचा गोळा. या गोळ्याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. तो कर्करोग नव्हे, पण हाड कुरतडत जातो आणि चेहऱ्याच्या नसेपर्यंत, आतल्या कानापर्यंत, क्वचित मेंदूपर्यंत पोचतो. कानामागे सूज, चेहरा एका बाजूला ओढला जाणे, चक्कर, ताप आणि तीव्र डोकेदुखी ही त्याची धोक्याची चिन्हे आहेत. यासाठी कानामागचे हाड ड्रिलने कोरावे लागते, शस्त्रक्रिया लांबते, आणि पुढे कित्येक वर्षे ती पोकळी साफ करून घ्यावी लागते. माझे मत असे, की पहिल्या दोन-तीन शिबिरांत नव्या पथकाने या कानाला हात लावू नये. मात्र ‘इंदूरला जा’ असे चिठ्ठीवर लिहून देणे म्हणजे रुग्णाची सोय करणे नव्हे. त्याची तारीख, त्याचे आयुष्मान कार्ड, त्याच्याबरोबर येणारा माणूस आणि महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एम. वाय.मध्ये, किंवा जो विभाग त्याला घेणार असेल तिथे त्याला कोण भेटणार, एवढे ठरवूनच त्याला पाठवावे. अलीराजपूरच्या पश्चिमेकडील गावांना इंदूरपेक्षा बडोदे जवळ पडते, हेही लक्षात ठेवावे. रुग्णाला कुठे जाणे सोपे आहे हे आपल्या शहराच्या अभिमानावरून ठरवायचे नसते.

दुसरी पायरी : जागा आणि तारीख

तारीख ही बहुतेक आयोजक सर्जनांच्या सुट्ट्या पाहून ठरवतात. ही पहिली चूक. आमच्या एका सुरुवातीच्या शिबिरात आम्ही दिवाळीनंतरचा आठवडा निवडला, कारण हवा चांगली आणि डॉक्टर मोकळे. शस्त्रक्रिया नीट पार पडल्या, आणि तिसऱ्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा निम्मेही रुग्ण सापडले नाहीत. घरांना कड्या लागलेल्या होत्या. कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत बांधकामावर निघून गेली होती. गावातल्या कोणत्याही शिक्षकाने हे आम्हांला आधी सांगितले असते; आम्ही विचारले नव्हते.

या पट्ट्यातले वर्ष शेती आणि मजुरीच्या फेऱ्यांवर चालते. खरिपाचे पीक आणि दिवाळी आटोपली की माणसे बाहेर पडतात, होळीच्या आधीच्या भगोरिया हाटांना बहुतेक जण परततात, आणि पावसाच्या तोंडाशी पेरणीसाठी पुन्हा घरी येतात. पावसाळ्यात कान ओले असतात, त्यामुळे तो काळ शस्त्रक्रियेला वाईटच. या सगळ्याचा हिशेब करता मला होळीनंतरचे पंधरा दिवस सर्वांत सोयीचे वाटतात. कान कोरडे असतात, माणसे गावात असतात, उन्हाळा अजून भाजून काढत नाही, आणि तीन महिन्यांची तपासणी बरोबर जूनच्या मध्यावर, पेरणीच्या दिवसांत येते, जेव्हा मजूर परतलेले असतात. अर्थात प्रत्येक तालुक्याचे गणित थोडे वेगळे. तिथल्या आशा कार्यकर्त्यांशी बोलल्याशिवाय तारीख पक्की करू नये.

जागेबाबत हट्ट एकच धरावा : शस्त्रक्रिया मांडवात, शाळेत किंवा धर्मशाळेत होणार नाही. जिल्हा रुग्णालयाचे, सामुदायिक आरोग्य केंद्राचे किंवा नोंदणीकृत मिशन वा खासगी रुग्णालयाचे चालू शस्त्रक्रियागृहच घ्यावे, जिथे रोज काही ना काही शस्त्रक्रिया होतात आणि वर्षभर राहणारी परिचारिका असते. भारतात १९९१ साली मुंबईहून निघालेली लाइफलाइन एक्सप्रेस ही जगातली पहिली रुग्णालय-रेल्वे मानली जाते आणि तिच्या डब्यांत कानाच्या शस्त्रक्रियाही झाल्या आहेत; पण तिथेसुद्धा शस्त्रक्रियागृहच रुळांवरून नेले, शस्त्रक्रिया उघड्यावर आणली नाही.

परवानग्यांविषयी थोडक्यात. जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांची, म्हणजे सीएमएचओंची, लेखी संमती आधी घ्यावी आणि तालुक्याच्या खंड चिकित्सा अधिकाऱ्यांना, म्हणजे बीएमओंना, पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यावे. ज्या खासगी जागेत काम करायचे तिची मध्य प्रदेशाच्या १९७३च्या उपचर्यागृह कायद्याखालची नोंदणी पाहून घ्यावी. जैववैद्यकीय कचऱ्याची २०१६च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या पात्रांत विभागणी होणार आणि तो कोण उचलणार, हे लिहून घ्यावे. परदेशस्थ नातलग सर्जन असेल आणि त्याची नोंदणी भारतात नसेल, तर राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या तात्पुरत्या परवानगीशिवाय त्याने चाकू हाती धरू नये, मग तो कितीही मोठा असो.

तिसरी पायरी : सहा आठवडे आधीची तपासणी

रुग्ण निवडण्याचे काम शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी करता येत नाही, कारण त्या दिवशी वाहता असलेला कान दुसऱ्या दिवशी कोरडा होत नाही. ओल्या कानावर लावलेले ठिगळ टिकण्याची शक्यता कमी होते. म्हणून कान-नाक-घसा डॉक्टर आणि श्रवणतज्ज्ञ यांचे छोटे पथक किमान सहा आठवडे आधी गावांत जावे. आठवडी हाटाच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी बसले तर माणसे आपसूक येतात. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत मात्र आपणच जावे, कारण मूल कमी ऐकते हे शिक्षकालाही ठाऊक नसते.

बोलण्याचा प्रश्न लहान नाही. भिली, भिलाली आणि बारेली बोलणाऱ्या वयस्क बायकांपर्यंत आपली इंदुरी हिंदी अर्धीच पोचते. दुभाषा म्हणून रुग्णाच्या नवऱ्याला बसवू नये. आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य केंद्रातली परिचारिका बसवावी.

तपासणीत आधी कान पुसून कोरडा करून पडदा प्रत्यक्ष पाहावा. मळाने किंवा बुरशीने भरलेला कान ‘फुटलेला’ म्हणून नोंदला जातो, आणि उलटही घडते. गरम तेल घालायची सवय सर्वत्र आहे, आणि आपल्याकडच्या आजीबाईंनाही त्याबाबत काही वेगळे म्हणायचे नसते. पण फाटलेल्या पडद्याच्या कानात तेल जाऊ नये, हे आपण न रागावता, पण पुन्हा पुन्हा सांगावे. वाहत्या कानाला स्वच्छ मऊ कापडाची किंवा कापसाची वात करून दिवसातून तीन-चार वेळा कोरडे करायला शिकवावे आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब सुमारे दोन आठवडे द्यावेत. जेंटामायसिनसारखे थेंब फाटलेल्या पडद्यातून आतल्या कानाला इजा करू शकतात. ते स्वस्त म्हणून खोकी भरून नेऊ नयेत. पुष्कळ कान एवढ्यानेच कोरडे होतात, आणि त्यांतल्या काहींना शस्त्रक्रियेची घाई उरत नाही.

त्यानंतर ऐकण्याची मोजणी. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क प्रत्येक डॉक्टराच्या खिशात असावा, पण शस्त्रक्रियेच्या यादीत नाव जाण्याआधी शांत खोलीत ऑडिओमेट्री व्हायलाच हवी. हवेतून ऐकू येणे आणि हाडातून ऐकू येणे यांतला फरक पाहिला की बिघाड पडद्या-हाडांच्या साखळीत आहे की नसेत, हे कळते. निव्वळ पडदा फाटल्याने होणारा हा फरक सहसा ४० डेसिबलच्या आत राहतो. तो ५०च्या आसपास असेल तर आतल्या तीन हाडांची साखळी तुटलेली असण्याचा संशय घ्यावा आणि त्या तयारीने जावे. नस गेलेल्या कानाचा पडदा शिवून ऐकू येणार नाही. अशा माणसाला रिकाम्या हाती परत न पाठवता, दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळण्यासाठी जिल्हा पुनर्वास केंद्रात त्याची नोंद करून द्यावी.

आणखी एक तपासणी इथे विसरता येत नाही : सिकलसेल. या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार पसरलेला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, त्यामुळे काहींजवळ तपासणीचे कार्डही असते. सिकलसेलच्या रोग्याला थंडी, पाण्याची कमतरता किंवा प्राणवायूची घट झाली की वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात उपाशीपोटी तासन्‌तास वाट पाहणे म्हणजे या तिन्हींना आमंत्रण. साधी विद्राव्यता चाचणी वाहक आणि रोगी यांत फरक करत नाही. ती होकारार्थी आली तर पुढची रक्तचाचणी होईपर्यंत नाव थांबवावे. रोगी निघाल्यास शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयातच व्हावी.

चौथी पायरी : ‘नाही’ म्हणायचे ठरवून जाणे

शिबिराच्या सकाळी दोनशे माणसे ओसरीत बसलेली असतात, कोणी रात्रीपासून चालत आलेला असतो, आणि त्या वेळी नकार देणे कोणालाच जमत नाही. म्हणून नकाराचे नियम इंदूरमध्ये बसून, शांत डोक्याने, कागदावर लिहावेत. एकच कान ऐकता असलेल्या माणसाच्या त्या कानावर शिबिरात शस्त्रक्रिया करू नये, कारण चुकून तो कान गेला तर माणूस कायमचा बहिरा होतो. कान ओला असेल तर थांबावे. साधारण बारा वर्षांखालील मूल स्थानिक भुलीत स्थिर राहत नाही आणि त्याला पूर्ण भूल लागते. भूलतज्ज्ञ, मॉनिटर आणि रात्रभर देखरेखीची पक्की सोय नसेल तर त्याला इंदूरला आणावे. गरोदर स्त्री, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह, तीव्र पांडुरोग, आणि पुढच्या तीन महिन्यांत गावात नसणारा माणूस, हेही या यादीत असावेत.

या नियमांचा रखवालदार सर्जन नसावा, असे मी अनुभवाने सांगतो. सर्जनाला शस्त्रक्रिया करायच्याच असतात. भूलतज्ज्ञ किंवा अनुभवी सिस्टर यांच्याकडे हा अधिकार असावा आणि त्यांचा शब्द शेवटचा मानावा.

पाचवी पायरी : माणसे आणि सामान

एका टेबलामागे एक अनुभवी सर्जन, एक साहाय्यक, कानाची हत्यारे ओळखणारी एक परिचारिका आणि निर्जंतुकीकरणाचे काम एवढेच पाहणारा एक माणूस लागतो. त्याशिवाय पूर्ण शिबिराला एक भूलतज्ज्ञ, एक श्रवणतज्ज्ञ आणि नोंदी ठेवणारे दोन कार्यकर्ते. कार्यकर्त्यांची फौज नेऊ नये. आपल्याकडे उत्साहाने वीस जण निघतात, आणि मग त्यांच्या पोह्यांची नि झोपण्याची व्यवस्था लावण्यात स्थानिक कर्मचारी गुंततात. उलट स्थानिक डॉक्टर आणि परिचारिकेला टेबलाजवळ उभे करावे, कारण आपल्यामागे पट्टी तेच काढणार आहेत.

सामानात सर्वांत नाजूक वस्तू सूक्ष्मदर्शक. गाडीत तो आडवा न टाकता मूळ खोक्यात, फोम लावून न्यावा. माछलिया घाटाच्या वळणांनी त्याचे आरसे हलले तर तिथे दुरुस्त करणारा कोणी नसतो. दोन जादा बल्ब, फ्यूज, स्टॅबिलायझर आणि वीज गेल्यावर किमान अर्धा तास चालेल असा यूपीएस बरोबर असावा. जनरेटर असेल तर त्यात डिझेल आहे का, हे स्वतः पाहावे. हल्ली तरुण सर्जन सूक्ष्मदर्शकाऐवजी कानात घालायची शून्य अंशाची दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप, वापरतात. तिचे सामान हलके आणि प्रवासाला सोपे, पण एक हात दुर्बिणीत अडकतो, रक्त आले की काम थांबते, आणि तीव्र प्रकाशाने टोक तापते. ज्याचा हात तिच्यावर बसलेला आहे त्यानेच ती शिबिरात वापरावी. शिबिर ही नवे तंत्र शिकायची जागा नाही. शोषणयंत्राला पायाने चालणारा पर्याय असावा.

निर्जंतुकीकरणाबाबत जरा थांबून सांगायला हवे. २०१९च्या ऑगस्टमध्ये इंदूरमध्येच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर संसर्ग होऊन अनेक रुग्णांची दृष्टी गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ती डोळ्यांची गोष्ट होती, पण हत्यारांना आणि द्रावांना डोळा-कान कळत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियस आणि १५ पौंड दाबावर, गुंडाळलेल्या संचांना ३० मिनिटे द्यावी लागतात. त्यात तापणे, वाळणे आणि थंड होणे धरले की एक फेरा तासाहून अधिक घेतो. म्हणून एका टेबलाला हत्यारांचे निदान तीन संच हवेत. दोनच संच असले की तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी कोणीतरी ‘पाच मिनिटे गरम करून दे’ म्हणतो, आणि नेमके तिथेच घात होतो. संचावर बाहेरून चिकटवलेल्या निर्देशक पट्टीवरच्या काळ्या रेघा हत्यार तापले एवढेच सांगतात, निर्जंतुक झाले असे नाही. त्यामुळे संचाच्या आत ठेवायचे रासायनिक निर्देशक न्यावेत, आणि त्या ऑटोक्लेव्हची जिवाणू-बीजाणू चाचणी पंधरा दिवस आधी करून घ्यावी. दुर्बीण ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवणार असाल तर वीस मिनिटांत फक्त उच्च पातळीचे निर्जंतुकीकरण होते आणि पूर्ण निर्जंतुकीला दहा तास लागतात. बाहेर काढल्यावर ती निर्जंतुक पाण्याने नीट धुवावी. कानाभोवतीची कातडी पोव्हिडोन आयोडीनने साफ करावी. क्लोरहेक्सिडिन मधल्या कानात गेल्यास आतल्या कानाला घातक ठरते.

सहावी पायरी : शस्त्रक्रियेचा दिवस

एका टेबलावर दिवसाला चार, फार तर पाच पडदे, यापुढे जाऊ नये. एका शस्त्रक्रियेला तास-दीड तास लागतो आणि संध्याकाळी हात व नजर दोन्ही थकतात. स्थानिक पुढारी आकडा विचारतात, वर्तमानपत्राला तीन अंकी संख्या आवडते. त्यांच्याशी बोलायला सर्जन नव्हे, तर संस्थेचा एखादा जाणता माणूस पुढे करावा.

आदल्या रात्री रुग्ण मुक्कामाला आलेले असावेत. त्यांना पुन्हा एकदा त्यांच्या बोलीत सांगावे, की शस्त्रक्रियेचा पहिला हेतू कान कोरडा करणे हा आहे, ऐकू येणे वाढेल पण हमी नाही, ठिगळ काही जणांत टिकत नाही, जिभेच्या एका बाजूची चव काही काळ बदलू शकते, आणि क्वचित ऐकू येणे कमीही होते. हे ऐकून कोणी उठून गेला तर त्याला जाऊ द्यावे. अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार गावचा असावा, पथकातला नव्हे. ज्या कानाची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्या बाजूच्या गालावर शाईची खूण रुग्ण जागा असताना, त्यालाच विचारून करावी. कापड झाकल्यावर सगळे कान सारखे दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची सुरक्षा तपासणी-यादी भिंतीवर टांगायची नसून भूल देण्याआधी, छेद देण्याआधी आणि रुग्ण बाहेर जाण्याआधी मोठ्याने वाचायची असते.

स्थानिक भुलीसाठी एड्रेनालीनयुक्त लिग्नोकेन वापरतात आणि तिची मर्यादा दर किलो वजनाला ७ मिलिग्रॅम धरतात. आपल्या शहरी रुग्णांच्या सवयीने हात मोकळा सुटतो, पण इथली कष्टकरी बाई चाळीस किलोची असते. तिला २ टक्क्यांचे १४ मिलिलिटर ही कमाल झाली. म्हणून वजनकाटा शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी ठेवावा. गुंगीचे औषध देणार असाल तर सहा तास घन आहार नको, पण दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते. पाचव्या क्रमांकाच्या रुग्णाला पहाटेपासून कोरडे ठेवणे ही शिस्त नव्हे, निष्काळजीपणा आहे. टेबलावर मात्र बोटाला ऑक्सिमीटर, हाताच्या शिरेत सुई लावलेली, आणि शेजारी प्राणवायू व तातडीची औषधे असायलाच हवीत.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला डोळे मिटायला, दात दाखवायला सांगून चेहऱ्याची हालचाल नोंदवावी. भुलीचे औषध चेहऱ्याच्या नसेपर्यंत पाझरल्यामुळे चेहरा काही तास ढिला पडू शकतो. तेव्हा घाबरून पुन्हा कान उघडण्याआधी औषधाचा अंमल उतरू द्यावा. अंमल उतरूनही चेहरा हलला नाही तर वाट पाहू नये.

सातवी पायरी : पथक परतल्यानंतर

सर्व रुग्ण किमान एक रात्र रुग्णालयात राहावेत, आणि पथकातला एक डॉक्टर शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस तिथेच थांबावा. सगळे एकाच गाडीने परतले तर रात्री उलट्या आणि चक्कर सुरू झालेल्या रुग्णाला पाहायला पट्टी बांधणारा वॉर्डबॉय उरतो.

घरी जाताना लेखी सूचना देणे पुरेसे नाही, कारण वाचणारा घरी नसतो. त्यामुळे चित्रांचे कार्ड करावे आणि प्रत्येक सूचना रुग्णाकडून उलट वदवून घ्यावी. कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस घालायचा, नाक जोराने शिंकरायचे नाही, तेल नाही, काडी नाही, ओढ्यात डुबकी नाही. ताप, वाढते दुखणे, कानामागे सूज, चेहरा वाकडा होणे, गरगरणे, मान आखडणे किंवा गुंगी यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे.

नोंदवहीत केवळ गावाचे नाव लिहिणे व्यर्थ आहे. इथली गावे टेकड्यांवर फलियांत, म्हणजे छोट्या वस्त्यांत, विखुरलेली असतात. एका फलियापासून दुसरा तासाभराच्या चालीवर. फलियाचे नाव, आशा कार्यकर्तीचे नाव, शेजाऱ्याचा फोन आणि मजुरीला कुठे जातात, एवढे चार रकाने असले तर माणूस सापडतो.

पहिली भेट सातव्या दिवशी, टाके काढायला. हे स्थानिक परिचारिका करू शकते, आणि तिला शिबिरातच दोन-तीन पट्ट्या आपल्यासमोर काढू दिल्या की तिचा हात बसतो. दुसरी भेट तीन-चार आठवड्यांनी, कानातले विरघळते भरण साफ करून थेंब द्यायला. यासाठी डॉक्टर इंदूरहून जावा. तिसरी तीन महिन्यांनी, ऑडिओमीटर घेऊन. नेपाळगंजमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या ब्रिटन नेपाळ ऑटॉलॉजी सर्व्हिसचा अनुभवही या दिशेने बोलतो. तिथेही शिबिरांच्या जोडीला स्थानिक लोकांना कानाची प्राथमिक काळजी शिकवण्याचे काम उभे करावे लागले.

जूनच्या त्या तिसऱ्या भेटीत प्रत्येक रुग्णापुढे तीनच गोष्टी लिहाव्यात : ठिगळ टिकले का, कान कोरडा आहे का, आणि ऐकण्यात किती डेसिबलचा फरक पडला. जे आले नाहीत त्यांची नावे गाळू नयेत. त्यांच्यापुढे ‘माहीत नाही’ असे लिहावे आणि आशा कार्यकर्तीबरोबर त्यांच्या फलियात जावे. ज्यांचे ठिगळ फाटले त्यांना पुढच्या वर्षीची तारीख त्याच दिवशी द्यावी. ही यादी तशीच्या तशी, न सजवता, बीएमओंना आणि ज्यांनी वर्गणी दिली त्यांना पाठवावी, आणि तिची एक प्रत पुढच्या फेब्रुवारीत तपासणीला निघणाऱ्या पथकाच्या पिशवीत आताच ठेवून द्यावी.